कुंग-फू चित्रपटाची मालिका लिहायची, तर आधी पाणी भरा

१९८६च्या गणपतीत लालबागला आमच्या चाळीच्या मंडळाने भाड्याने व्हीसीआर आणला होता. आरत्या, भजनं आटोपल्यावर चौकात रंगीत टीव्ही मांडला आणि एकामागून एक तीन कॅसेट लावल्या. दुसरी होती 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'. मी नऊ वर्षांची. पडद्यावरची भाषा चौकात कुणालाच कळत नव्हती. माझे बाबा गिरणीत साचे चालवायचे, आणि तरुणपणी तालमीच्या मातीत वाढलेले. मी सारखी विचारत होते, मारामारी कधी? ते म्हणाले, "मारामारी कुणीही दाखवील गं. तो पाणी कसं भरतोय ते बघ."

पडद्यावरचा पोरगा दोन्ही हात लांब धरून पाण्याच्या बादल्या वाहत होता. दंडाला सुरे बांधलेले. हात जरा खाली आले की टोक बरगडीत. अख्खा चौक श्वास रोखून त्याचे हात बघत होता.

गेली वीस-बावीस वर्षं मी मालिका लिहिते. हल्ली दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवा लेखक विचारतो की अमुक जुन्या कुंग-फू चित्रपटाची मालिका करायची आहे, सुरुवात कुठून करू? प्रत्येकाला मी जे सांगते ते इथे एकत्र लिहिते आहे.

चित्रपट तीनदा बघा. पहिल्यांदा नुसता बघा, वही बाजूला ठेवून. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, हातात घड्याळ घेऊन. प्रत्येक मारामारी किती मिनिटांची, आणि ती संपल्यावर नायकाच्या आयुष्यात काय बदललं, हे एकेका कार्डावर एका ओळीत लिहा. ज्या कार्डावर 'काही नाही' असं येईल ते फाडून टाका, ती मारामारी तुमच्या मालिकेत येणार नाही. तिसऱ्यांदा बघताना मारामाऱ्या पुढे ढकला आणि फक्त मधली माणसं बघा: स्वयंपाकी, दारवान, धाकटा भाऊ, खलनायकाचा कारकून. दोन तासांच्या चित्रपटात ह्यांना चार वाक्यं मिळतात. मालिकेचे पुढचे वीस एपिसोड ह्याच माणसांमधून येणार आहेत.

मग ठरवायचं की ताणायचं काय. सगळी गफलत इथेच होते. जुन्या मार्शल आर्ट चित्रपटाचा कणा बहुधा सूड असतो, आणि सूड ही दोन तासांची गोष्ट आहे. तीस एपिसोड सूड लांबवला की प्रेक्षकाला कळतं की लेखक खलनायकाला मुद्दाम जिवंत ठेवतोय. ताणता येतं ते शिकणं. आता चौकात पाहिलेला, १९७८चा तोच शाओलिनचा चित्रपट घ्या. लाऊ कार-ल्युंगने हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओसाठी केलेला, गॉर्डन ल्यू नायक. चीनवर राज्य करणाऱ्या मांचू सत्तेने ज्याचं सगळं उद्ध्वस्त केलं असा एक विद्यार्थी शाओलिन मठात येतो. तिथे शिकवणीचे पस्तीस कक्ष आहेत (नावातला छत्तिसावा शेवटी येतो, बाहेरच्या माणसांना शिकवायचा). तो उतावळेपणाने थेट सगळ्यांत वरच्या कक्षात जातो आणि तिथून फेकला जातो. मग त्याला तळापासून सुरुवात करावी लागते. जेवणघराच्या वाटेत पाणी, पाण्यावर तरंगती लाकडं. तोल सांभाळून पलीकडे गेलात तर जेवण. मग बादल्या. मग लांबलचक जड दांड्याने घंटेवर ठोके. मग डोळ्यांचा कक्ष, डोक्याचा कक्ष. चित्रपटाचा मधला मोठा भाग ह्यातच जातो आणि तरी कुणी कंटाळत नाही, कारण प्रत्येक कक्षात एक अडचण आहे, एक हार आहे आणि स्वतःच शोधून काढलेली एक युक्ती आहे. तयार एपिसोडच आहे तो! पस्तीसपैकी चित्रपटात मोजकेच कक्ष दिसतात. उरलेले मालिकेच्या लेखकासाठी मोकळे पडलेत, असं मी नेहमी म्हणते.

हे प्रशिक्षण इतकं खरं का वाटतं, त्यालाही कारण आहे. दिग्दर्शक लाऊ कार-ल्युंग हा लाऊ चामचा मुलगा. लाऊ चाम लाम साय-विंगचा शिष्य, आणि लाम साय-विंग वाँग फेय-हुंग ह्या नावाजलेल्या कुंग-फू गुरूचा. आपल्याकडे गाण्यात घराणं सांगतात तशी ही परंपरा आहे. ह्या माणसाने शिकवणं घरात पाहिलं होतं, म्हणून त्याला मारामारीइतकंच शिकवणंही दाखवावंसं वाटलं. तुम्ही अशी मालिका लिहिणार असाल तर एखाद्या तालमीत किंवा मल्लखांबाच्या वर्गात निदान महिनाभर रोज जाऊन बसा. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात संध्याकाळी कोवळी पोरं मल्लखांबावर चढताना बघा. पोरगं घसरतं तेव्हा शिकवणारा काय बोलतो आणि काय बोलत नाही, ते वहीत उतरवा.

आधी हे काम कुणीकुणी केलंय तेही बघून ठेवा, त्यातून तीन वेगवेगळ्या वाटा दिसतात. पहिली 'फिस्ट ऑफ फ्यूरी'ची. १९७२च्या चित्रपटात ब्रूस लीचा चेन झेन परत येतो तेव्हा गुरू हुओ युआनजिया गेलेला असतो. शिष्य त्याच्या शवपेटीवर झेप घेतो. १९९५मध्ये हाँगकाँगच्या एटीव्ही ह्या वाहिनीने डॉनी येनला घेऊन ह्याच गोष्टीची तीस एपिसोडची मालिका केली. तिथे गुरू जिवंत भेटतो, शिष्याला घडवतो, त्यामुळे त्याचं जाणं प्रेक्षकाच्याही घरातलं होतं. म्हणजे चित्रपट जिथे सुरू होतो त्याच्या बरंच आधी सुरुवात करायची. दुसरी वाट 'कोब्रा काय'ची. 'द कराटे किड' १९८४चा, मालिका २०१८ची. चौतीस वर्षांनी त्यांनी चित्रपटात शेवटी हरलेल्या पोराचं दार ठोठावलं आणि विचारलं, तुझं काय झालं रे? तिसरी झाटोइचीची. शिंतारो कात्सूने १९६२पासून हा आंधळा मालिशवाला पडद्यावर केला, आणि १९७४ ते १९७९ ह्या काळात टीव्हीवर त्याचे शंभर एपिसोड झाले. माणूस तोच, गाव दर वेळी नवं. तुमच्या गोष्टीला ह्यातली कुठली वाट मानवते ते पहिल्या आठवड्यातच ठरवा. तिन्ही एकत्र करायला जाल तर एकही धड होणार नाही.

हक्कांचं थोडक्यात सांगते, पण हे टाळू नका. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं राहतो. तेव्हा 'जुना आहे, कोण विचारतंय' हे मनातून काढा. शॉ ब्रदर्सच्या साडेसातशेहून जास्त चित्रपटांचा संग्रह २०००मध्ये सेलेस्टियल पिक्चर्सने घेतला. मालक असतो आणि तो सापडतो. चित्रपटाच्या नावाने मालिका करायची तर निर्मात्याने परवानगी घ्यायची, करार लेखी हवा. ती ऐपत नसेल तर दुसरा प्रामाणिक रस्ता आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती मांडण्याच्या पद्धतीवर असते. आनंद यांचं म्हणणं होतं की त्यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक 'न्यू दिल्ली' ह्या चित्रपटात उचललं गेलं. प्रेक्षकाला दोन्ही बघून दुसरी कृती पहिलीची नक्कल वाटते का, ही कसोटी. म्हणून मूळ चित्रपटातून फक्त हाडं घ्या: अन्याय झालेला पोर, कडक गुरू, तळापासून शिकणं, आणि शेवटी शिकलेलं बाहेरच्या माणसांना वाटणं. मांस सगळं तुमच्या मातीतलं हवं. लिहून झालं की स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदणी करा आणि मगच चॅनलच्या पायऱ्या चढा.

मातीतलं म्हणजे काय, ते माझ्या सध्याच्या कामावरून सांगते. माझी गोष्ट १९२८च्या गिरणगावात घडते. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या कापड गिरण्या बंद होत्या, दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर. त्या काळात कामावर घ्यायचं की नाही हे जॉबर ठरवायचा, आणि त्यासाठी दस्तुरी, म्हणजे लाच, घ्यायचा. चित्रपटात मांचू सरदार आहे, माझ्याकडे हा जॉबर. नायक रत्नागिरीकडून आलेला सोळा वर्षांचा पोरगा, खाणावळीत जेवणारा. मठाच्या जागी तालीम. मी मठाचं भाषांतर केलं नाही. तालमीत मठातल्यासारखी शांतता नसते. तिथे शड्डू ठोकल्याचे आवाज, हनुमानापुढची उदबत्ती, तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेल्या लाल मातीचा वास. शब्दही तिथलेच वापरा. 'मास्टर' नको, वस्ताद. 'स्टान्स' नको, पवित्रा. लाठी, दांडपट्टा, फरी-गदका, बोथाटी ह्यांतलं जे घ्याल ते शिकवणारा माणूस कोल्हापुरात आहे. मर्दानी खेळाचे आखाडे तिथे आजही चालतात. त्याला भेटायच्या आधी एकही प्रसंग लिहू नका.

एपिसोड किती? माझं ठाम मत आहे की अशी गोष्ट रोजच्या मालिकेत घालू नये. आठवड्याला पाच-सहा दिवस, दर दिवशी बावीसएक मिनिटं, आधी शूट करून ठेवलेले जेमतेम तीन एपिसोड, बारा तासांची शिफ्ट. ह्या धबडग्यात चांगली मारामारी होऊच शकत नाही. मी एकदा हा प्रयत्न केला. एका चॅनलसाठी लिहिताना दर एपिसोडला एक मारामारी घातली. गोरेगावच्या सेटवर चार तासांत उरकायची म्हणून फाइट मास्टरनी पवित्रे कमी केले, डुप्लिकेट वाढवले. तिसऱ्या आठवड्यात दमलेल्या नायिकेचं मनगट लचकलं आणि पंधरा दिवस तिला खिडकीत उभं करून संवाद म्हणायला लावावे लागले. चूक माझ्या लिखाणात होती, आणि दुखणं त्या पोरीने भोगलं. म्हणून आता दहा ते तीस एपिसोडची, आटोपशीर मालिकाच मागते. चार एपिसोडमध्ये एक मोठी मारामारी, तिला शूटिंगचे निदान तीन दिवस. मधल्या एपिसोडमध्ये झटापटी अर्ध्या मिनिटाच्या. बाकी शिकणं, भूक, संप, खाणावळवालीचं उधार.

कलाकारांना शूटिंगआधी दोन-तीन महिने सराव हवा, आणि तो निर्मात्याच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेला हवा. मल्लखांब किंवा लाठी येणारी मुलं घेऊन त्यांना अभिनय शिकवणं मला जास्त सोपं वाटतं. सरावात बांबूच्या लाठीऐवजी हलका वेत. सेटवर गाद्या आणि डॉक्टर, ह्यावर घासाघीस नाही.

मारामारी कागदावर कशी लिहायची, हे मला एका फाइट मास्टरनी शिकवलं. मी दोन पानं भरून लिहून दिलं होतं: तो उजवा हात उचलतो, हा खाली वाकतो, असं. त्यांनी कागद परत दिला. "ताई, हात-पाय माझ्यावर सोडा. तुम्ही मला एवढंच सांगा, सुरू होताना हा काय आहे आणि संपताना काय झालाय. आणि जागा कुठली, हाताशी काय आहे." तेव्हापासून मी पाचच ओळी लिहिते. जागा: खाणावळीची मागची बाजू, चुलीतला विस्तव अजून लाल. हाताशी: फुंकणी, पाटा, ओली गोणपाटं. सुरुवातीला पोराला मारायचं आहे. मध्येच लाठी मोडते. शेवटी समोरचा हातात सापडूनही तो त्याला सोडतो, आणि का सोडलं हे त्याला स्वतःलाच कळत नाही. मास्टर ह्यातून तीन मिनिटं उभी करतात. हाँगकाँगवाले एकेक तुकडा त्याच्या-त्याच्या कॅमेऱ्यासाठी रचून घेतात, अख्खी मारामारी चार बाजूंनी उरकत नाहीत. आपल्या दिग्दर्शकालाही हे आधी पटवा, नाहीतर एडिटिंगला नुसती झोडपाझोडपी उरते. आणि लाऊ कार-ल्युंगसारखी चौकट रुंद ठेवा. पोरांनी तीन महिने घाम गाळलेला असतो, त्यांचे पाय दिसले पाहिजेत.

मालिकेचं बायबल, म्हणजे चॅनलला द्यायचा सगळा आराखडा, लिहिताना पहिल्या पानावर गोष्ट, दुसऱ्यावर माणसं, आणि तिसऱ्यावर वस्ताद काय काय शिकवणार ह्याची क्रमाने यादी. प्रत्येक डावापुढे दोन रकाने: तो शिकताना काय मोडतं, आणि पुढे कुठे उपयोगी पडतो. पाचव्या एपिसोडला शिकलेलं बाराव्यात कामी आलं नाही, तर पाचवा एपिसोड काढून टाका. चॅनलची क्रिएटिव्ह मंडळी विचारतील, पहिली मारामारी कधी? त्यांच्यासमोर तिसरं पान ठेवा.

पहिल्या एपिसोडमध्ये नायकाच्या हातात लाठी देऊ नका. माझ्या मालिकेत ती चौथ्या एपिसोडला येते. पहिल्यात वस्ताद त्याला पहाटे चारला नळावर पाठवतो, कारण तालमीची माती रोज उकरून तिच्यावर पाणी मारावं लागतं. दोन हंडे, दोन मजले, अठरा खेपा. शेवटच्या खेपेला गिरणीचा भोंगा वाजतो, चाळीतली माणसं जिन्याने खाली धावतात, आणि त्या गर्दीतून पोराला उलटं वर चढायचं असतं, पाणी न सांडता. वस्ताद वरच्या पायरीवर उभा राहून त्याचे खांदे बघतो. ह्या प्रसंगाला एकही संवाद नाही. ते दीड पान मी अकरा वेळा लिहिलं.