लॉनमधला लव्हाळा असा गेला

परभणीतल्या घरापुढं गुंठाभर हरळीचं लॉन आहे. लव्हाळ्यानं दोन वर्षं रडवलं. खुरपलं की आठ दिवसांत कोंब वर! खणलं तर काळ्या मातीत वीतभर खाली गाठींची माळच. दांडी बोटांत फिरवली, तिधारी लागली. म्हणजे हे गवत नव्हेच. 2,4-डी हे तणनाशक मुख्यतः रुंद पानांच्या तणांवर चालतं, शिवाय पलीकडं कपाशी, तिला त्याचा वाराही सोसत नाही. मग उसात मारतात ते हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल 75 टक्के आणलं. एकरी 36 ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला जेमतेम 0.9 ग्रॅम, बारीक काट्यावरच तोललं. आठवडाभर काहीच दिसेना, जीव खालीवर. तीन आठवड्यांनी लव्हाळा वाळला, हरळी हिरवीगार. उरलेल्या कोंबांवर दीड महिन्यानं पुन्हा फवारलं.