आपत्तीतून, युद्धातून सांस्कृतिक वारसा वाचवायच्या ट्रेनिंगला जायचंय? मग आधी हे वाचा

पहिल्याच सरावात माझी एक चूक झाली ती आधी सांगते, कारण पुढचं सगळं ट्रेनिंग मला त्या एका चुकीमुळेच नीट कळलं. एका बिल्डिंगमध्ये पुराचं पाणी शिरून गेलंय असं सिम्युलेशन होतं, आत भिजलेली पुस्तकं, फोटो, कापडं, एक फुटलेलं भांडं असं बरंच काही मुद्दाम पसरून ठेवलेलं, शिट्टी वाजली आणि आमची टीम आत शिरली. मी थेट चिखलात पडलेल्या एका जुन्या रजिस्टरकडे गेले, खाली पुठ्ठा सरकवून अलगद उचललं आणि बाहेर टेबलावर आणून ठेवलं. उचलायची पद्धत बरोबर होती. ट्रेनरने एवढंच विचारलं, हे कुठून आणलं? कुठली खोली, कुठलं कपाट, शेजारी काय पडलं होतं? मला सांगता येईना. फोटो काढलेला नाही, टॅग लावलेला नाही, आणि माझ्यासारख्याच बाकीच्यांनी आणलेल्या वस्तू मिळून संध्याकाळपर्यंत त्या टेबलावर एक अख्खा ढीग तयार झाला जो सुरक्षित होता पण कुणाचा, कुठला, कशाच्या जोडीचा ते कुणालाच माहीत नव्हतं. नोंद नसलेली वस्तू वाचूनही हरवते. आपत्तीतून किंवा युद्धातून वारसा वाचवायच्या कामात नवीन येणाऱ्याला मला सगळ्यात आधी हेच सांगायचं असतं.

आता हे ट्रेनिंग मिळतं कुठे. सगळ्यात जास्त ऐकलेलं नाव म्हणजे रोममधली इक्रॉम ही संस्था, १९५९ पासून तिथं जतन-संवर्धनाचं काम आणि प्रशिक्षण चालतं आणि संकटकाळातल्या वारशाला प्रथमोपचार या विषयावरचा त्यांचा कोर्स २०१० मध्ये सुरू झाला. वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था या कामात हैतीच्या भूकंपापासून जोमाने उतरली, तोही २०१० चाच. क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठातला कोर्स २००६ पासून आहे पण त्याचा भर आपत्तीच्या आधीच्या तयारीवर जास्त, म्हणजे धोके ओळखणं, आराखडा करणं वगैरे. माझं मत विचाराल तर दोन्ही प्रकारचं शिक्षण लागतं, फक्त एका वेळी एकच घ्या, कारण दोन्हीकडे डोकं पुरतं भरून जातं.

वर्गात फक्त म्युझियमवाले असतील असं समजून गेलात तर पहिल्या दिवशी धक्का बसेल. शेजारी फायर ब्रिगेडचा माणूस, पलीकडे मदतकार्य करणाऱ्या संस्थेतली बाई, कुणी लष्करातलं, कुणी स्ट्रक्चरल इंजिनिअर, कुणी आर्काइव्हमधलं. सुरुवातीला भाषाच जुळत नाही. आपण म्हणतो ही वस्तू अनमोल आहे, फायरवाला विचारतो वजन किती, दोन माणसांना उचलेल का, दारातून जाईल का. आणि त्याचेच प्रश्न बरोबर असतात हो! आमच्याकडे एक सराव होता, वीस मिनिटं, धुराने भरलेली खोली, फक्त पाच वस्तू बाहेर काढायच्या, कुठल्या ते तुम्हीच ठरवा. आम्ही पहिली बारा मिनिटं वाद घालण्यात घालवली. त्या दिवशी समजलं की कुठली वस्तू आधी काढायची ही यादी शांत दिवशी करायची गोष्ट आहे, जागेच्या नकाशासकट, आणि तिची एक प्रत फायर ब्रिगेडकडे असली पाहिजे. पॅरिसच्या नोत्र दाम या जुन्या चर्चला १५ एप्रिल २०१९ ला आग लागली तेव्हा छत जळत असताना अग्निशमनवाल्यांनी आणि बाकीच्यांनी साखळी करून येशूचा मानल्या जाणाऱ्या काट्यांच्या मुकुटासकट कितीतरी वस्तू बाहेर काढल्या, ते जमलं कारण आधी काय काढायचं याचा विचार आधीच झालेला होता.

कोर्सचा सांगाडा तीन टप्प्यांचा असतो, आधी परिस्थितीचा अंदाज, मग जागेवर जाऊन नुकसान आणि पुढचा धोका तपासणं, मग सुरक्षित करणं आणि स्थिर करणं. ऐकायला कोरडं वाटतं. पण पहिल्या टप्प्यातच निम्मं काम असतं आणि नवीन माणूस तोच टाळतो. आत जायची परवानगी कोण देणार, इमारत कुणाच्या ताब्यात आहे, वस्तूची मालकी कुणाची, तिथं पूजा किंवा प्रार्थना चालू होती का, पुन्हा पाऊस येणार आहे का, आफ्टरशॉक येतायत का, आणि मुख्य म्हणजे माणसं अजून अडकलेली आहेत का. माणसांची सुटका चालू असेल तर आपण बाहेर थांबायचं, यावर चर्चाच नाही. थांबायचं म्हणजे हात बांधून बसायचं नाही, तेवढ्या वेळात स्थानिक लोकांशी बोलायचं, जुने फोटो आणि याद्या गोळा करायच्या, ठेवायला कोरडी जागा शोधायची.

ढिगाऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझा स्वतःचा दृष्टिकोन इथं पूर्ण बदलला. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, काठमांडूचं काष्ठमंडप हे जुनं लाकडी मंडप कोसळलं, आत रक्तदान शिबिर चालू होतं, माणसं गेली. नंतर पुरातत्त्ववाल्यांनी तिथं खोदकाम केलं तेव्हा लक्षात आलं की पाया सातव्या शतकाइतका जुना आहे, म्हणजे आधी समजत होते त्यापेक्षा कितीतरी जुना, आणि तो चांगल्या अवस्थेत होता. चार मुख्य खांबांपैकी एकाच्या खालचा बैठकीचा दगडच जागेवर नव्हता. हे सगळं त्या जागेनेच सांगितलं. बुलडोझर लावून साफसफाई झाली असती तर इमारत का पडली तेही कळलं नसतं आणि पुन्हा उभारताना काय सुधारायचं तेही. म्हणून कोर्समध्ये ढिगाऱ्याचे चौकोन आखायला लावतात, प्रत्येक चौकोनाला नंबर, प्रत्येक कोरीव लाकडाला टॅग, फोटोत मोजपट्टी. कंटाळवाणं काम आहे, उन्हात पाठ मोडते, पण तेच करायचं.

ओल्या कागदाचं प्रकरण सगळ्यांच्या वाट्याला कधी ना कधी येतं, पूर नसला तरी आग विझवताना मारलेलं पाणी असतंच. साध्या खोलीच्या तापमानात ४८ ते ७२ तासांत बुरशी धरायला लागते, म्हणजे तुमच्याकडे दोन-तीन दिवस आहेत. सगळं तेवढ्यात वाळवणं शक्य नसेल तर गोठवायचं, उणे २० अंशांच्या आसपास, त्याने वस्तू बरी होत नाही पण घड्याळ थांबतं, आणि पुढे सवडीने व्हॅक्यूममध्ये वाळवता येतं, जिथं बर्फाची सरळ वाफ होते आणि शाई पसरत नाही. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तकं आधी बघा, त्यांची ओली पानं एकमेकांना चिकटून वाळली की मग वीट होते, सुटत नाही. भिजलेलं पुस्तक उघडायचं नाही, चिखल दिसला म्हणून पुसायचं नाही. काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवायच्या नाहीत. काजळी असेल तर पाणी लावूच नका, हातही नका लावू, हाताच्या तेलाने ती आत मुरते, त्यासाठी कोरडा रबरी स्पंज असतो. आणि स्वतःसाठी मास्क, ग्लोव्ह्ज, धनुर्वाताचं इंजेक्शन. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं, हे उत्साहात सगळे विसरतात.

युद्धाचा भाग माझ्यासाठी सगळ्यात जड होता. युद्धात सांस्कृतिक वारसा जपण्याचा १९५४ चा हेग करार, त्यानुसार संरक्षित जागेवर लावायचं निळ्या ढालीचं चिन्ह, कराराला जोडलेला १९९९ चा दुसरा प्रोटोकॉल हे वाचून पाठ करता येतं, पण खरा प्रश्न वेगळाच निघतो, इमारतीवर चिन्ह लावायचं की नाही? समोरच्याला कायदा मान्य असेल तर चिन्ह वाचवतं, आणि त्याला वारसाच नष्ट करायचा असेल तर चिन्ह म्हणजे पत्ताच दिल्यासारखं. याचं एक उत्तर नाही, दर ठिकाणी तिथल्या लोकांसोबत बसून ठरवावं लागतं. यादीचंही तसंच, तुमची वस्तूंची यादी लुटारूंच्या हातात पडली तर ती त्यांची खरेदीची यादी होते, म्हणून प्रत दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवायची आणि कुणाकुणाला माहीत आहे तेही मोजकंच. २०१२ मध्ये माली देशातल्या टिंबक्टू शहराची जुनी हस्तलिखितं लोकांनी तिथं घुसलेल्या जिहादी गटांपासून वाचवायला पत्र्याच्या ट्रंकांमध्ये भरून रस्त्याने आणि नदीतून राजधानी बामाकोला पोचवली, गुपचूप, महिनोन्महिने. तिथलीच समाधिस्थळं पाडल्याबद्दल २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्या गटांपैकी एकातल्या अल महदी याला नऊ वर्षांची शिक्षा दिली. फोटो, तारखा, मोजमापं नीट जपली तर ती असल्या खटल्यात पुरावा म्हणून उभी राहू शकतात. पुन्हा नोंदच.

आमच्या बॅचमध्ये एकजण असा होता ज्याच्या शहरावर तेव्हा बॉम्ब पडत होते. आम्ही खोट्या वस्तूंवर सराव करायचो आणि तो ब्रेकमध्ये घरी फोन लागतोय का बघायचा. त्याच्याशी बोलताना एक गोष्ट शिकले, वस्तू गेली म्हणून रडणाऱ्या माणसाला जीव वाचला हेच नशीब असं सांगायला जाऊ नका. तो ते जाणतो. जवळ बसा, त्याच्याकडून वस्तूबद्दल ऐका, आणि त्याची हरकत नसेल तर लिहून घ्या.

आता अर्जाचं. कलेवर किती प्रेम आहे यावर पानभर लिहू नका, ते सगळ्यांचंच असतं. परत आल्यावर नक्की काय करणार, कुठल्या संग्रहासाठी, कुणासोबत, ते लिहा. संस्थेचं पाठिंब्याचं पत्र लागतं आणि ते मिळायला उशीर होतो, माझं शेवटच्या आठवड्यात हातात आलं, त्यामुळे आधीच मागा. फी आणि स्कॉलरशिपचे नियम दर वेळी त्या त्या जाहिरातीत बघा, मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. अनुभव कमी असेल तर आधी जवळच्या एखाद्या लायब्ररीत किंवा संग्रहालयात इन्व्हेंटरीचं, म्हणजे वस्तूंच्या यादीचं काम करा, प्रथमोपचाराचा आणि आग विझवायचा बेसिक कोर्स करा, इक्रॉमची बरीच हँडबुकं फुकट डाउनलोड होतात ती वाचून ठेवा. पूर्णवेळ फक्त याच कामाच्या नोकऱ्या फार थोड्या आहेत हे आधीच माहीत असू द्या, बहुतेक जण आपली संग्रहालयातली, आर्काइव्हमधली, इंजिनिअरिंगची नोकरी सांभाळून हे करतात आणि वेळ आली की धावतात. मीही त्यातलीच.

कोर्सवरून आल्यावर मी एक बॅग भरून ठेवली, ती अजून तशीच तयार असते. वॉटरप्रूफ टॅग, सुती दोरी, मोजपट्टी, टॉर्च, मास्क, प्लॅस्टिक शीट, छापील कोरे फॉर्म, फोनसाठी पॉवर बँक, आणि डझनभर पेन्सिली, पेन नाही, कारण पावसात पेनाने लिहिलेला नंबर तासाभरात पुसला जातो.