किलोने घेतलेल्या परदेशी नाण्यांत चांदी कशी शोधाल?

ठाणे-वाशीकडे घरोघरी कुणीतरी आखातात नाहीतर बोटीवर नोकरीला असतंच, त्यामुळे परदेशी नाण्यांचे ढीग किलोच्या भावाने विकायला येतात. त्यातले दिरहम, रियाल, युरो सेंट बाजूला ठेवा; ते जवळजवळ नेहमीच साधे निघतात.

आधी लोहचुंबक फिरवा. जे चिकटलं ते चांदीचं नाही. उरलेल्यांचं साल बघा. अमेरिकेचे डाइम (10 सेंट) आणि क्वार्टर (25 सेंट) 1964 पर्यंतचे असतील तर 90 टक्के चांदी. ब्रिटिश शिलिंग, फ्लोरिन (दोन शिलिंगचं नाणं) 1920 ते 1946 मधले असतील तर निम्मी, त्याआधीचे स्टर्लिंग, म्हणजे 92.5 टक्के चांदी. स्विस एक फ्रँक 1967 पर्यंत चांदीचा. दिसायला मात्र आजच्यासारखाच, म्हणून हमखास नजरेतून सुटतो. शंका आली तर कड बघा: नंतरच्या अमेरिकन क्वार्टरच्या कडेला तांब्याची पट्टी दिसते. वजनही बोलतं, जुना 6.25 ग्रॅम, नवा 5.67. दोन दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्याच.

नाणं घासू नका. चिंच, पितांबरी तर नकोच! काळपटपणा गेला की संग्राहकाचा भावही गेला.

किंमत ठरवताना ईबेवर विकल्या गेलेल्या नाण्यांचे भाव बघा, मागितलेले नव्हेत. मागायला काय, कुणीही लाख मागतो. फोटो दोन्ही बाजूंचे आणि कडेचा द्या.

शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते परदेशी गिऱ्हाईकाला पाठवता येत नाही. आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी ‘कमिशन’ मागितलं, तर सरळ फोन ठेवा.