धुळीआड लपलेलं ब्लॅक होल डेटातून पकडायचं कसं

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की फोटोत ब्लॅक होल कुठेतरी "दिसेल". नाही दिसत. शोधायचा असतो तो न जुळणारा हिशोब. लांबची गॅलेक्सी, धुळीने गच्च भरलेली, आत तारे धडाधड बनतायत आणि मधोमध सूर्याच्या कोट्यवधी पट वजनाचं ब्लॅक होल गॅस गिळत बसलंय. गिळताना जो प्रकाश निघतो तो धूळ पिऊन टाकते, तापते आणि तीच ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये बाहेर सोडते. आता ताऱ्यांनी तापवलेली धूळही हेच करते, तिथेच सगळी गोची आहे. फरक तापमानात. ताऱ्यांची धूळ बहुतेक काही दशक केल्विनची, तिचा जोर १०० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ब्लॅक होलशेजारची मात्र पार १५०० केल्विनपर्यंत तापते (त्यापुढे ती टिकतच नाही), म्हणून ती काही मायक्रॉनवरच झळकते.

डेटासाठी सुरुवात गुड्स-साउथ या आकाशातल्या छोट्या तुकड्यापासून करा, फोर्नॅक्स तारकासमूहात आहे. चंद्रा एक्स-रे दुर्बीण या भागाकडे एकूण ७० लाख सेकंद, म्हणजे साधारण ८१ दिवस बघत होती, शिवाय हबल, स्पिट्झर (इन्फ्रारेड दुर्बीण), जेम्स वेब सगळ्यांचा डेटा इथला आहे आणि फुकट आहे. कॅटलॉग, म्हणजे गॅलेक्सींच्या जागा आणि तेजाच्या याद्या, व्हिझिए (VizieR) या ऑनलाइन संग्रहावरून उतरवा, टॉपकॅट या तक्ते हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

मग कॅटलॉग एकमेकांशी जुळवायचे, आणि इथे घाई करू नका. मी पहिल्यांदा जुळणीची मर्यादा ६ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ठेवली होती, का तर स्पिट्झरचं २४ मायक्रॉनचं चित्र तेवढंच धूसर असतं, आणि ढीगभर "ब्लॅक होल" सापडली, दोन दिवस हवेत होतो, मग एकेक उघडून बघितलं तर निम्म्या ठिकाणी उजेड शेजारच्या गॅलेक्सीचा. त्यामुळे आधी १ आर्कसेकंदच्या आतच जुळवा आणि जिथे शेजारी खेटून बसलाय ती ओळ सरळ उडवा.

रेडशिफ्ट (विश्व पसरताना प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप, रेडशिफ्ट २ म्हणजे तिप्पट लांब) १.५ ते २.५ मधल्या गॅलेक्सी निवडा, म्हणजे साधारण १० अब्ज वर्षांपूर्वीचा काळ, जेव्हा विश्वात तारे सगळ्यात जोरात बनत होते.

पहिली चाळणी ग्राफच्या आकाराची, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती उजेड. स्पिट्झरच्या आयरॅक कॅमेऱ्याचे चार पट्टे आहेत, ३.६, ४.५, ५.८ आणि ८ मायक्रॉन. साध्या ताऱ्यांच्या प्रकाशाला १.६ मायक्रॉनवर एक उंचवटा असतो, रेडशिफ्ट २ ला तो सरकून ४.८ वर येतो, म्हणजे ग्राफ मधे चढून ८ ला उतरायला हवा. उतरतच नाही, चारही पट्ट्यांत चढतच जातो, तर आत काहीतरी गरम बसलंय. पण ही चाळणी भडक केसेसच पकडते. ब्लॅक होलपेक्षा ताऱ्यांचा उजेड भारी पडला की उंचवटा तसाच दिसतो आणि आपण फसतो.

म्हणून खरी पद्धत हिशोबाची. एकाच गॅलेक्सीत वर्षाला किती सूर्यांच्या वजनाइतके तारे तयार होतायत हे दोन वाटांनी काढा, एकदा अल्ट्राव्हायोलेटवरून (धुळीची दुरुस्ती करून) आणि एकदा २४ मायक्रॉनवरून. दोन्ही आकडे जवळपास आले तर सोडून द्या. इन्फ्रारेडचा तिप्पट-चौपट आला तर जास्तीची धूळ कोण तापवतंय? २००७ मध्ये एमानुएले दाद्दी आणि सहकाऱ्यांनी हेच केलं, सुमारे १००० गॅलेक्सी घेतल्या आणि त्यातल्या साधारण २०० मध्ये असा जादा इन्फ्रारेड सापडला.

एक सापळा सांगतो. रेडशिफ्ट २ ला २४ मायक्रॉन म्हणजे मूळचे ८ मायक्रॉन, आणि तिथे शेजारीच ७.७ मायक्रॉनवर काजळीसारख्या कार्बनी रेणूंची जाडजूड रेघ असते, जी तारे बनण्यातूनच येते. पुढे लांब तरंगलांबीचं इन्फ्रारेड बघणाऱ्या हर्शेल दुर्बिणीच्या डेटातून कळलं की त्या काळच्या भरपूर तेजस्वी गॅलेक्सींमध्ये २४ मायक्रॉनचा आकडा तारेनिर्मिती फुगवून सांगतो. म्हणजे जादा दिसलं की लगेच ब्लॅक होल म्हणायचं नाही, हर्शेलचा आकडा असेल तर तोही लावा.

आता एक्स-रे. अडचण अशी की आडवा आलेला गॅस फारच दाट असला, एका चौरस सेंटिमीटरच्या खांबात १ वर २४ शून्यं इतक्या हायड्रोजन अणूंच्या वर, तर एक्स-रेही बहुतेक आतच अडकतात. पण रेडशिफ्ट इथे आपल्या बाजूने आहे. चंद्राचा २ ते ७ केईव्हीचा (केईव्ही हे एक्स-रेच्या ऊर्जेचं एकक) पट्टा रेडशिफ्ट २ ला मूळचा ६ ते २१ केईव्ही होतो, आणि इतके कडक, म्हणजे जास्त ऊर्जेचे, एक्स-रे बऱ्याच गाळातून पार होतात.

तरी एकेकट्या गॅलेक्सीत बघाल तर काहीच नाही, नुसता गोंगाट. मग थर लावायचे. प्रत्येक गॅलेक्सीभोवती छोटा चौकोन कापा, २०० चौकोन बरोबर मध्य जुळवून एकावर एक ठेवा आणि बेरीज करा. एकेका चौकोनात विखुरलेले दोन-चार ठिपके असतात, पण बेरजेत मधोमध एक डाग वर येतो. मस्त वाटतं बघताना. आधीच स्वतंत्रपणे दिसणारे एक्स-रे स्रोत मात्र काढून टाका, नाहीतर एकच भडक पठ्ठ्या सगळी बेरीज खाऊन टाकतो. आणि चंद्राच्या चित्राच्या कडेच्या गॅलेक्सी घेऊ नका, तिथे चंद्राचा फोकस पसरतो.

मग कडकपणा काढा, कडक एक्स-रेची मोजणी वजा मऊची (कमी ऊर्जेच्या), भागिले दोघांची बेरीज. समजा कडक ३६, मऊ १२, तर २४ भागिले ४८ म्हणजे ०.५. तारे बनणाऱ्या गॅलेक्सीतल्या जोडताऱ्यांकडूनही एक्स-रे येतात पण ते साधारण मऊ बाजूला झुकतात, त्यामुळे ०.५ सारखा आकडा आला तर आत झाकलेलं ब्लॅक होल असण्याची शक्यता बरीच. जोडताऱ्यांचा वाटा तारेनिर्मितीच्या दरावरून काढून वजा करायचा, हे विसरू नका.

शेवटी सगळे मध्य मुद्दाम ३० आर्कसेकंद सरकवून तेच थर परत लावा. आता मधे काहीच दिसायला नको. तरीही डाग आला तर पार्श्वभूमी वजा करण्यात चूक आहे, परत कॅटलॉगपासून सुरू करा.