टेबलावरचा पाँग: चेंडू भिंतीला चिकटू न देता कसा बांधावा

पाँग म्हणजे पडद्यावर दोन पट्ट्यांनी (पॅडलनी) चेंडू टोलवायचा जुना व्हिडिओ गेम. इथे पडदा नाही, पिक्सेल नाहीत. काळ्या अ‍ॅक्रिलिकवर चेंडू म्हणून पांढरा चौकोनी ठोकळा सरकतो, पट्टीला लागून उलटा फिरतो, आणि त्याला ओढणारं चुंबक खाली दात्यांच्या पट्ट्यांवर (बेल्टवर) धावतं. असे चार पाँग मी बांधले. पहिले दोन भंगारात गेले, ते ‘अजून जोरदार चुंबक लावा’ हा सल्ला ऐकल्यामुळे.

सोल्डरिंग येतं आणि स्टेपर मोटर एकदा तरी फिरवून झाली आहे, असं धरून चालतो. नसेल तर आधी ते करा.

सामान: दोन नेमा १७ स्टेपर मोटरी, आर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), मोटरी चालवायला दोन ए४९८८ ड्रायव्हर, जीटी२ हा दात्यांचा पट्टा, २० दात्यांच्या पुली, १२ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). ठाण्याहून निघा, दादरला गाडी बदला, ग्रँट रोडला उतरा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका फेरीत सगळं मिळतं. ऑनलाइन चार पैसे वाचतील, पण पुलीचं भोक मोटरच्या दांड्यावर बसतंय का, हे दुकानातच बघता येतं. वरचं अ‍ॅक्रिलिक ३ मिमी, मॅट, ६०० बाय ४०० मिमी. कापून घ्यायला ठाण्यातली औद्योगिक वसाहत, वागळे इस्टेट, आहेच.

सांगाडा अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा करा, एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) नको. माझ्या एमडीएफने ठाण्यातला एक जुलै पाहिला आणि तो असा फुगला की चुंबक वाहणारी गाडी मधेच अडायला लागली. ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर उपटू नका, ड्रायव्हर जळतो.

मायक्रोस्टेपिंगबद्दल, म्हणजे मोटरच्या एका पावलाचे बारीक तुकडे करण्याबद्दल, एकच सांगतो. जो तो १/१६ लावायला सांगतो. २० दात्यांची पुली एका फेऱ्यात ४० मिमी पट्टा ओढते, म्हणजे १/१६ वर मिलिमीटरला ८० पावलं. चेंडू सेकंदाला २५० मिमी पळवायचा तर २०,००० पावलं लागतात, आणि उनोवर अ‍ॅक्सलस्टेपर ही मोटर चालवणारी लायब्ररी साधारण ४,००० च्या पुढे भरवशाची नाही. ड्रायव्हरच्या फक्त एमएस१ पिनवर जंपर लावा, म्हणजे अर्धं पाऊल: मिलिमीटरला १०, सेकंदाला २,५००. आवाज थोडा वाढेल, वाढू दे.

आता चुंबक. इथे माझे दोन महिने गेले.

एकच चुंबक लावलं तर ठोकळा स्वतःभोवती गिरक्या घेतो. म्हणून चार लावा: १० मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, शेजारच्या दोघांचे ध्रुव उलट. खालच्या गाडीवर तीच मांडणी, वरच्याला ओढून घेईल अशी. ठोकळा मग सरळ राहतो आणि आडवी पकडही घट्ट होते. (लहान मुलं घरात असतील तर सुटी चुंबकं कुलपात ठेवा. दोन गिळली गेली तर आतड्याला मधे धरून चिमटतात. ही चेष्टा नाही.)

एवढं करूनही माझा चेंडू भिंतीशी आला की तिथेच थबकायचा, जणू चिकटला. मी मोटर बदलली, मग प्रवेग वाढवला, शेवटी दुप्पट ताकदीची चुंबकं आणली. थबकणं उलट वाढलं. चूक वजनात नव्हतीच; ठोकळा जेमतेम दहा ग्रॅमचा. चूक घर्षणात होती. घर्षणामुळे ठोकळा चुंबकाच्या थोडा मागे राहतो, समजा ४ मिमी. चुंबक उलट फिरलं की आधी ते ठोकळ्याखालून जातं, मग दुसऱ्या बाजूला ४ मिमी पुढे निघतं, आणि तेव्हा कुठे ठोकळा हलतो. ते ८ मिमी चेंडू उभा. चुंबक जितकं जोरदार, तितका ठोकळा पृष्ठभागावर दाबला जातो आणि घर्षण वाढतं.

कुणीतरी कॅरमची पावडर सुचवेलच. अर्धा तास झकास चालतं, नंतर ती पुलीत जाऊन बसते. ठोकळ्याच्या बुडाला चिकट टेफ्लॉन पट्टी लावा. नळवाल्याची पांढरी टेप नव्हे, मागे गोंद असलेली. दुसरं, अ‍ॅक्रिलिक मध्यभागी झोळ खातं, त्यामुळे फट कडेला वेगळी आणि मधे वेगळी. खालची चुंबकं बॉलपेनातल्या चार स्प्रिंगांवर बसवा आणि त्यांच्याही माथ्यावर टेफ्लॉन लावा. ती अ‍ॅक्रिलिकला खालून टेकूनच सरकतील, फट सगळीकडे सारखी राहील.

उरलेली ढिलाई कोडमध्ये मारायची. वर आलेखाचा कागद चिकटवा. चुंबक एकाच जागी एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून आणा, ठोकळ्याच्या दोन्ही खुणा करा; अंतराचं अर्धं म्हणजे तुमचा मागे राहण्याचा आकडा. माझा शेवटी २ मिमीवर आला. भिंतीशी चुंबक तेवढं पुढे जाऊ द्या आणि उलटताना दुप्पट अंतर झपकन कापा. आकडा ५ च्या वर असेल तर कोड लिहू नका, परत टेफ्लॉनकडे जा.

प्रवेग ३,००० मिमी प्रति सेकंद वर्ग ठेवा. २५० च्या वेगावरून थांबायला मग साधारण १० मिमी लागतात. अर्थ असा की पट्टी चेंडूला लागणार की नाही, हा निकाल त्या १० मिमी आधीच लावावा लागतो. खेळणाऱ्याला ते कळत नाही.

खेळणाऱ्यांच्या पट्ट्यांना (पॅडलना) मोटर लावू नका. मोठ्या पुलीवर हाताची मूठ, पट्ट्याने पट्टी सरकते, त्याच दांड्यावर पट्टी कुठे आहे ते सांगणारं दहा फेऱ्यांचं पोटेन्शियोमीटर. झालं.

चेंडू कोणत्या कोनात परतावा यासाठी शाळेतला परावर्तनाचा नियम घालू नका, खेळ मेलेला वाटतो. १९७२ च्या पाँगमध्ये प्रोसेसरच नव्हता, सगळं लॉजिक चिपांवर. तो बांधणाऱ्या अ‍ॅलन अल्कॉर्नने पट्टीचे ८ भाग केले आणि कोन त्या भागावर ठरवला. मधे लागला तर सरळ, टोकाला लागला तर तिरका. तुम्हीही ८ च करा. अल्कॉर्नने आवाजही सर्किटमध्ये आधीच असलेल्या लहरींतूनच काढला होता. आपण लाकडावर आपटणारा छोटा सोलेनॉइड (वीज दिली की दांडा ढकलणारी कॉइल) लावू. त्याला उलटा डायोड हवाच, नाहीतर ट्रान्झिस्टर जाईल. ‘टक’ चुंबक वळताना नाही, ठोकळा वळताना वाजवा. कान ही चूक लगेच पकडतो.

पट्टी वरच्या कडेपासून थोडी अलीकडेच थांबत असेल तर पट्टा सोडून पुन्हा बसवू नका. मूळ यंत्रातही पट्टी पडद्याच्या वरच्या टोकाला पोचत नव्हती. दोष सर्किटचा होता, पण त्यामुळे खेळ अवघड होतो आणि लवकर संपतो, म्हणून अल्कॉर्नने तो तसाच ठेवला.