डिचोली-साखळीत हवा ओळखून दिवस कसा आखावा

मोबाईलवर पणजीच्या हवेच्या गुणवत्तेचा आकडा पाहून डिचोलीतील माणूस निर्धास्त झाला, तर तो पुष्कळदा फसतो. पणजीला समुद्राचा वारा थेट मिळतो. डिचोली, साखळी, मये हा टापू मात्र टेकड्यांमधल्या सखल भागात वसलेला असून खनिज, काजूच्या बागायती आणि सरपणाच्या चुली ही येथील धूळ-धुराची कारणे शहरापेक्षा निराळी आहेत.

आकडा वाचताना तो कुठला, कधीचा आणि कोणत्या मोजपट्टीवरचा, हे आधी पाहावे. राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांकात 50 पर्यंत हवा चांगली, 100 पर्यंत समाधानकारक आणि 200 पर्यंत मध्यम मानली जाते. पण परदेशी अ‍ॅप बहुधा अमेरिकी मोजपट्टी वापरतात. 2.5 मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्मकण घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम असतील, तर आपला निर्देशांक 100 दाखवतो आणि अमेरिकी दीडशेच्या थोडा वर जातो. शेजाऱ्याच्या मोबाईलवर वेगळा आकडा दिसला म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. शिवाय सूक्ष्मकणांचा आपला निर्देशांक 24 तासांच्या सरासरीवर निघतो. त्यामुळे आता दारात पेटलेल्या पातेऱ्याचा, म्हणजे सुक्या पाचोळ्याचा, धूर त्यात लगेच दिसत नाही. जवळ हवा मोजणारे केंद्र नसेल, तर अ‍ॅपमधील आकडा अनेकदा गणिती अंदाज असतो, तुमच्या वाड्यावर केलेली मोजणी नव्हे.

म्हणून ऋतू आणि घड्याळ यांच्यावर अधिक भिस्त ठेवावी. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात रात्री जमीन लवकर थंड होते, टेकड्यांवरची गार हवा खाली उतरून साचते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. त्यातच पहाटे न्हाणीतील चुली पेटतात, कोणी अंगणातला पाचोळा जाळतो, आणि हा धूर धुक्यात मिसळून सकाळी नऊ-दहापर्यंत तसाच अडकून राहतो. गार हवा ती शुद्ध हवा, या समजुतीने ज्येष्ठ मंडळी नेमकी याच वेळी फिरायला निघतात. दम्याच्या रुग्णाने तरी या महिन्यांत फिरणे सायंकाळी साडेचार-पाचला न्यावे. दुपारी ऊन तापल्यावर झाकण मोडते आणि समुद्राकडचा वारा आत येतो. खिडक्याही पहाटेऐवजी तेव्हाच उघडाव्यात. पुढे मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या भाट्या, म्हणजे फेणी गाळण्याच्या भट्ट्या, पेटतात आणि डोंगरावरचे सुके गवतही आग धरते. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले होते. दिवाळीतील नरकासुर दहनाची पहाट हा एकाच रात्रीचा प्रश्न असला, तरी लहान मुलाला त्या धुरात खांद्यावर घेऊन उभे राहणे टाळलेलेच बरे.

धूळ आणि धूर यांतील फरक ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण दोहोंवरचे उपाय एक नाहीत. ओल्या पांढऱ्या फडक्याने खिडकीची चौकट पुसावी: तांबूस डाग उमटला, तर धूळ रस्त्याची किंवा खनिजाची, काळपट उमटला, तर काजळी. धुळीचा बराचसा भाग जाड असल्याने नाका-घशात अडतो, धुराचे बारीक कण फुप्फुसात खोल जातात. धुळीसाठी रस्त्याकडील खिडक्या वाहतुकीच्या वेळी बंद ठेवाव्यात आणि केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने लादी पुसावी. धुरासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-95 मास्कच उपयोगी पडतो. रुमाल बांधल्याचे फक्त समाधान मिळते.

घरी लहान मापक यंत्र घेण्याचा विचार असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजणारी ही स्वस्त यंत्रे आपल्या दमट हवेत आकडा फुगवून सांगतात, कारण ओलाव्याने फुगलेला कण त्यांना मोठा वाटतो. उलट खनिजाची जाड धूळ त्यांच्या नजरेतून निसटते. म्हणून धुक्याच्या सकाळचा आकडा खरा मानू नये. दुपारचे आकडे रोज एकाच वेळी वहीत टिपून आठवड्यांची तुलना करावी.

ताडपत्री न झाकता धावणारे ट्रक किंवा पाणी न मारलेला कच्चा रस्ता दिसला, तर तारीख, वेळ, ठिकाण आणि छायाचित्र यांसह पंचायतीकडे अथवा नगरपालिकेकडे लेखी तक्रार करावी, प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावी आणि पोहोच घ्यावी. नुसत्या ‘फार धूळ आहे’ या अर्जावर कोणी जागचे हलत नाही, हा अनुभव आहे.

जूनमध्ये पाऊस लागला की धूळ बसते आणि मास्क ठेवून देता येतो. त्यानंतर दम्याच्या माणसाने भिंतींवरच्या बुरशीकडे पाहावे: कपाटे भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत आणि पाऊस थांबेल तेव्हा घरात वारा खेळू द्यावा.