सेव्ह पुसला जातोय? कार्ट्रिजचा सेल बदला

निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलवरच्या पहिल्या 'फायनल फँटसी' या व्हिडिओ गेममध्ये (१९८७) खेळाची प्रगती, म्हणजे सेव्ह, जपतो तो कार्ट्रिजमध्ये (गेमच्या डबीत) डाखलेला सीआर२०३२ हा चपटा बटण-सेल. रत्नागिरीत माझ्या कार्ट्रिजमधला सेव्ह कन्सोल बंद केला की जायचा. मल्टिमीटरवर सेल १.९ व्होल्ट निघाला. नवा ३ च्या वर दाखवतो.

कार्ट्रिजच्या स्क्रूसाठी ३.८ मिमीचा गेमबिट (या स्क्रूंसाठीचं खास पान्याचं टोक) लागतो, पक्कडीने खटपट करू नका. आधी सेलची धन बाजू कुठे आहे त्याचा फोटो काढा. नवा सेल डाखण्यासाठी धातूच्या पट्ट्या जोडलेलाच घ्या. साध्या सेलवर थेट डाख दिलात तर उष्णतेने तो बाद होतो, फुटूही शकतो. जुना सेल काढल्यावर उरलेले सेव्ह जातातच, ते वाचत नाहीत.

आपल्याकडे मात्र निम्मा दोष खाऱ्या हवेचा. माझ्या कार्ट्रिजच्या बोर्डाच्या सोनेरी दातांवर (कन्सोलमध्ये बसणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) हिरवट थर होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला इअरबड दातांच्या लांबीने फिरवा, कापूस काळा यायचा थांबेपर्यंत. पॉलिश पेपर नको, मुलामा निघतो. पावसाळ्यात कार्ट्रिज सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

एवढं करूनही सेव्ह बिघडत असेल तर बंद करण्याची पद्धत बघा: रीसेट दाबून धरायचं, मग पॉवर बंद. वीज अचानक गेली तर तेही जमत नाही, म्हणून कन्सोल इन्व्हर्टरवर लावा. शिवाय गेममध्ये गुहेत शिरण्याआधी सरायीत मुक्काम करा किंवा बाहेर नकाशावर तंबू वापरा. सेव्ह तिथेच होतो, गुहेत नाही.